शितावरून भाताची परीक्षा

मुलांनो, वैशाखातील एखाद्या अंधाऱ्या रात्री, नवाच्या सुमारास, अंगणात उभे राहून वर पाहा. माथ्यावरून सिंहरास पश्चिमेकडे झुकू लागलेली असते आणि पूर्वेच्या अंगाला स्वातीचा तांबूस तारा झळकत असतो. सिंहाच्या शेपटाशी असलेली उत्तरा फाल्गुनी आणि स्वाती यांच्या दरम्यान, किंचित उत्तरेकडे, फिकट ताऱ्यांची एक विरळ जाळी दिसते. हाच अरुंधती-केश नावाचा तारकासमूह. त्यात ठळक तारा एकही नाही. म्हणून नक्षत्रे ओळखू लागलेली मुले बहुधा तो ओलांडून पुढे जातात. परंतु ज्या प्रश्नाविषयी आज आपण बोलणार आहोत, त्याचा उगम आकाशाच्या ह्याच भागात झाला आहे.

तुम्हांला दिसणारे ते फिकट तारे आपल्याच आकाशगंगेतील, म्हणजे तसे आपल्या शेजारचेच. त्यांच्या पलीकडे, लक्षावधी पट दूर, साध्या डोळ्यांना मुळीच न दिसणारा एक प्रचंड मेळावा आहे. आपली आकाशगंगा ही अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका होय. अशा एक हजारांहून अधिक दीर्घिका तेथे एकत्र आल्या आहेत. ह्या मेळाव्याला ‘कोमा दीर्घिका-समूह’ असे म्हणतात. तो आपल्यापासून सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा जो प्रकाश आज दुर्बिणीत येतो, तो तेथून निघाला तेव्हा चंद्रपूरचा दगडी कोळसा ज्या वृक्षांपासून झाला, ते वृक्षही पृथ्वीवर उगवले नव्हते.

आता प्रश्न असा की, इतक्या दूरच्या वस्तूवरून साऱ्या विश्वाविषयी काही सांगता येईल काय? विश्व हलके आहे की जड, ते कसे वाढत आले, पुढे त्याचे काय होणार, याविषयी शास्त्रज्ञ निरनिराळी प्रतिमाने मांडतात. प्रतिमान म्हणजे विश्वाचा कागदावर मांडलेला हिशेब. हिशेब सुबक मांडता येतात. पण खरा कोणता, हे पाहावयाचे तर त्यांतून निघणारी उत्तरे प्रत्यक्षाशी ताडून पाहावी लागतात. विश्व काही प्रयोगशाळेत आणून ठेवता येत नाही. म्हणून त्याचा एखादा लहानसा नमुना हाती लागतो काय, असा शोध सुरू झाला. आणि तो नमुना दीर्घिकांच्या समूहांत सापडला.

प्रथम वजनाची गोष्ट सांगतो. सूर्याचे वजन कोणी तराजूत घालून पाहिलेले नाही, तरी ते आपल्याला ठाऊक आहे. कसे? शेतातील पाखरे हाकताना गोफण फिरविलेली तुम्ही पाहिली असेल. गोफण जितक्या वेगाने फिरवावी, तितका दोरीला ताण अधिक बसतो. दोरी कच्ची असेल तर ती तुटून दगड भिरकावला जातो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. तिला धरून ठेवणारी दोरी म्हणजे सूर्याचे गुरुत्वाकर्षण. पृथ्वीचा वेग आणि तिचे सूर्यापासूनचे अंतर ही दोन्ही ठाऊक असली, म्हणजे दोरी किती बळकट असली पाहिजे हे काढता येते आणि त्यावरून सूर्याचे वस्तुमान मिळते. हीच युक्ती १९३३ साली एका शास्त्रज्ञाने कोमा समूहाला लावली.

त्यांचे नाव फ्रिट्झ झ्विकी. जन्म बल्गेरियातील वार्ना या गावी १८९८ साली, घराणे स्वित्झर्लंडचे आणि कर्मभूमी अमेरिकेतील कॅलिफोर्निया. मनुष्य मोठा बुद्धिमान, पण जिभेला तिखट. त्यामुळे त्यांना मित्र थोडे आणि टीकाकार फार. कोमा समूहातील काही दीर्घिकांचे वेग त्या वेळी मोजले गेले होते. प्रकाशाचा वर्णपट घेतला म्हणजे त्यात काही ठरावीक रेषा दिसतात. वस्तू आपल्यापासून दूर जात असेल, तर त्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. आणि त्या किती सरकल्या त्यावरून वेग कळतो. सारा कोमा समूह मिळून सेकंदाला सुमारे ७००० किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जात आहे. परंतु त्यातील प्रत्येक दीर्घिकेचा वेग नेमका तेवढाच नाही. कोणाचा हजार किलोमीटरने अधिक, कोणाचा तितकाच उणा. याचा अर्थ असा की, मोहोळाभोवती मधमाश्या घोंगावाव्यात तशा त्या दीर्घिका समूहाच्या आत इकडून तिकडे धावत आहेत.

झ्विकींनी दिसणाऱ्या दीर्घिकांच्या प्रकाशावरून त्यांच्या वस्तुमानाचा अंदाज केला आणि तेवढ्या वस्तुमानाच्या ओढीने किती वेगाच्या दीर्घिका धरून ठेवता येतील, हे काढले. उत्तर आले सेकंदाला सुमारे ८० किलोमीटर. प्रत्यक्षात वेग होते हजारांच्या घरातले! दोरी सुताची आणि फिरणारा दगड उखळाएवढा, असा हा प्रकार झाला. हा समूह केव्हाच विखरून जावयास हवा होता. पण तो तर समोर दिसत होता. तेव्हा झ्विकींनी लिहिले की, येथे दिसणाऱ्या द्रव्याच्या निदान ४०० पट घनता असली पाहिजे, आणि हे अधिकचे द्रव्य प्रकाश देत नसल्यामुळे आपल्याला दिसत नाही. त्याला त्यांनी ‘कृष्णद्रव्य’ असे म्हटले.

पुढे काय झाले असेल असे तुम्हांला वाटते? फारसे काही झाले नाही. जवळजवळ चाळीस वर्षे ह्या निष्कर्षाकडे थोड्याच लोकांनी गांभीर्याने पाहिले. त्याला कारणेही होती. मोजलेल्या दीर्घिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि अंतरे तर साफ चुकलेली. त्या काळी कोमा समूह आज आपण मानतो त्याच्या सुमारे एकसप्तमांश अंतरावर आहे, असे समजत. अंतर सुधारले की दीर्घिका मुळात अधिक तेजस्वी ठरतात आणि ४०० पटींचा तो आकडा खाली उतरून पन्नास-साठ पटींच्या घरात येतो. एवढी मोठी चूक निघूनही तफावत काही भरून आली नाही, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्याच्या मोजमापात सातपट चूक निघते, त्याचा मूळ मुद्दा मात्र खरा ठरतो, असेही शास्त्रात घडते.

काहींनी अशी शंका घेतली की, हे अधिकचे द्रव्य साध्या वायूचेच असेल. तो वायू डोळ्यांना दिसत नाही इतकेच. ह्या शंकेत तथ्य होते. १२ डिसेंबर १९७० रोजी आफ्रिकेतील केनियाच्या किनाऱ्याजवळून एक उपग्रह सोडण्यात आला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून स्वाहिली भाषेतील ‘उहुरू’, म्हणजे ‘स्वातंत्र्य’, असे नाव त्याला दिले. आकाशातून येणारे क्ष-किरण टिपणे हे त्याचे काम. पृथ्वीचे वातावरण हे किरण अडविते, म्हणून त्यांसाठी वरच जावे लागते. उहुरूने पाहिले की, दीर्घिकांचे समूह क्ष-किरणांनी उजळलेले आहेत. दीर्घिकांच्या मधल्या जागेत एक अतिशय तप्त वायू पसरलेला होता. कोमा समूहातील ह्या वायूचे तापमान सुमारे १० कोटी अंश आहे. सूर्याच्या गाभ्याच्या तापमानाच्या साधारण सहापट! मात्र तो इतका विरळ आहे की, एका घनमीटरात त्याचे काही हजारच कण सापडावेत. विरळ खरा, पण जागा अफाट. त्यामुळे समूहातील साऱ्या ताऱ्यांचे वस्तुमान एकत्र केले, तरी हा वायू त्याच्या कितीतरी पट भरतो.

तरीही हिशेब पुरा झाला नाही. उलट तो वायूच नवा साक्षीदार होऊन उभा राहिला. इतका तप्त वायू पळून न जाता समूहातच राहतो, म्हणजे त्याला धरून ठेवणारी ओढ फार मोठी असली पाहिजे. ती ओढ किती ते काढले, तर झ्विकींच्या युक्तीने येणाऱ्या वजनाशी ते उत्तर बरेचसे जुळले. आज असे मानतात की, मोठ्या समूहाच्या वस्तुमानाचे शंभर भाग केले तर त्यांतील दोन-तीन भाग ताऱ्यांचे, बारा-पंधरा भाग तप्त वायूचे आणि उरलेले सारे ऐंशीहून अधिक भाग कृष्णद्रव्याचे असतात.

येथे एखादा चौकस विद्यार्थी हात वर करील आणि म्हणेल, “गुरुजी, न दिसणारे द्रव्य मानण्यापेक्षा गुरुत्वाकर्षणाचा नियमच चुकला असे का मानू नये?” ही शंका मला फार आवडते. खगोलशास्त्राच्या इतिहासात दोन्ही प्रकार घडून गेले आहेत. युरेनस ग्रह हिशेबाप्रमाणे चालेना, तेव्हा त्याला ओढणारा एखादा न दिसलेला ग्रह पलीकडे असावा असे मानण्यात आले, आणि १८४६ साली नेपच्यून खरोखरच सापडला. पुढे बुधाच्या भ्रमणात थोडी गफलत दिसली. तेव्हाही लोकांनी सूर्याजवळ एक अदृश्य ग्रह कल्पिला, त्याला नावसुद्धा देऊन टाकले. पण तो ग्रह कोठेच नव्हता. तेथे न्यूटनचा नियमच अपुरा पडत होता आणि १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या नव्या सिद्धांताने ती गफलत दूर झाली. मग कोमा समूहाची गोष्ट नेपच्यूनसारखी की बुधासारखी? १९८३ साली मॉर्दहाय मिल्ग्रोम या शास्त्रज्ञांनी बुधाची वाट धरली आणि गुरुत्वाचा नियम बदलून पाहिला. एकेकट्या दीर्घिकांच्या बाबतीत त्यांचा नियम आश्चर्य वाटावे इतका चांगला चालतो. मोठ्या समूहांपाशी आला की मात्र तो अडखळतो.

ह्या वादात २००६ साली एक महत्त्वाची साक्ष निघाली. अगस्तीचा तारा ज्या तारकासमूहात आहे, त्याच दिशेला फार दूर दोन दीर्घिका-समूह एकमेकांवर आदळून आरपार निघून गेले आहेत. आदळताना दोन्हींतील वायू एकमेकांत अडकून मागे रेंगाळला. दीर्घिका मात्र एकमेकींच्या मधून सहज निसटून पुढे गेल्या. आता वस्तुमान कोठे आहे, हे कसे पाहिले? गुरुत्वाकर्षणाने प्रकाशाची वाट वाकते. समूहाच्या पाठीमागे असलेल्या दीर्घिकांची चित्रे त्यामुळे ताणलेली आणि वाकडी दिसतात, आणि त्या वाकडेपणावरून मधले वस्तुमान कळते. दीर्घिकांचा असा भिंगासारखा उपयोग होईल, हेही झ्विकींनीच १९३७ साली सुचविले होते. साधे द्रव्य बहुतेक सारे वायूत होते. पण प्रकाश अधिक वाकत होता तो वायूपाशी नव्हे, पुढे गेलेल्या दीर्घिकांपाशी. म्हणजे वायूहून वेगळे आणि वायूहून अधिक असे काहीतरी तेथे होते. बहुतेक शास्त्रज्ञांनी त्यानंतर कृष्णद्रव्य मान्य केले. तथापि त्याचा एखादा कण पकडून कोणी अद्याप दाखविलेला नाही, हेही तुम्हांला सांगितले पाहिजे.

इतका वेळ आपण एका समूहाविषयी बोललो. आता साऱ्या विश्वाकडे वळू. विश्व प्रसरण पावत आहे, हे तुम्ही ऐकले असेल. आतील द्रव्याची परस्परांना ओढ असल्यामुळे ह्या प्रसरणाला लगाम बसतो. किती बसतो, हे द्रव्याच्या घनतेवर अवलंबून. घनतेचे एक ठरावीक माप आहे, त्याला ‘क्रांतिक घनता’ म्हणतात. ती ऐकून तुम्हांला हसू येईल: एका घनमीटर जागेत हायड्रोजनचे पाच-सहा अणू! विश्वातील द्रव्याची घनता नेमकी एवढीच असावी, असे १९८० नंतरच्या दशकात पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटत असे. ते प्रतिमान गणिताच्या दृष्टीने मोठे नीटनेटके होते. नीटनेटकेपणाचा मोह शास्त्रज्ञांनाही सुटत नाही.

त्या प्रतिमानाची परीक्षा झाली ती आपल्या आजीबाईच्या पद्धतीने. चुलीवर भात शिजत ठेवला असता आजी सारे भांडे चिवडून पाहत नाही; ती एक शीत काढते आणि बोटांत दाबून पाहते. ही परीक्षा खरी उतरण्यासाठी एक अट आहे: काढलेले शीत बाकीच्या शितांसारखेच असले पाहिजे. आमच्या लहानपणी शाळा तपासावयास साहेब येत, तेव्हा ते दोन-चार मुलांना प्रश्न विचारून साऱ्या वर्गाची पारख करीत. हे ठाऊक असल्यामुळे एक गुरुजी त्या दिवशी हुशार मुलांना पुढील बाकांवर बसवीत, आणि आम्हां मागच्या बाकांवरील मंडळींचे अज्ञान सुरक्षित राही. तेथे शीत निवडून काढलेले होते. भाताची खरी परीक्षा झालीच नाही.

विश्वाचे शीत म्हणून एखादी दीर्घिका घेता येणार नाही. ती लहान पडते. तिच्यातील मोठे तारे आयुष्याच्या शेवटी फुटतात आणि त्या धक्क्याने बराचसा वायू तिच्याबाहेर फेकला जातो. पण दीर्घिकांचा समूह एवढा जड असतो की, त्याच्या तावडीतून जवळजवळ काहीच सुटत नाही. तो बनताना कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या परिसरातील साधे द्रव्य आणि कृष्णद्रव्य ज्या प्रमाणात ओढले गेले, त्याच प्रमाणात ते आत राहिले. तेव्हा साध्या द्रव्याचे एकूण द्रव्याशी जे प्रमाण समूहात, तेच साऱ्या विश्वात असले पाहिजे.

१९९३ साली सायमन व्हाइट, हुलिओ नावारो, ऑगस्ट एव्हरार्ड आणि कार्लोस फ्रेंक या चौघांनी कोमा समूहाचे शीत दाबून पाहिले. गणित तुम्हांला सहज करता येण्यासारखे आहे. विश्वाच्या आरंभीच्या काही मिनिटांत हायड्रोजनपासून हीलियम आणि थोडा जड हायड्रोजन तयार झाला. त्यांचे आजचे प्रमाण पाहिले, म्हणजे विश्वात साधे द्रव्य एकंदर किती आहे ते काढता येते. ते क्रांतिक घनतेच्या शंभरात सुमारे ५ भाग भरते. आता विश्वातील एकूण द्रव्य जर नेमके क्रांतिक घनतेइतके, म्हणजे शंभर भाग असेल, तर कोमा समूहातही शंभरात ५ भागच साधे द्रव्य सापडावे. चौघांनी तारे आणि वायू मिळून ते मोजले. ते निघाले सुमारे १५ भाग! वायू कोणत्या तरी कारणाने समूहात अधिक गोळा झाला असेल काय, हेही त्यांनी संगणकावर कृत्रिम समूह घडवून पाहिले. तिप्पट गोळा होण्याचा मार्ग दिसेना. मग उत्तर सरळ आहे. साधे द्रव्य ५ भाग असून ते एकूण द्रव्याच्या शंभरात १५ भाग असेल, तर एकूण द्रव्य क्रांतिक घनतेच्या एकतृतीयांशाच्या आसपासच असले पाहिजे. नीटनेटके प्रतिमान ह्या एका त्रैराशिकापुढे डळमळले. साध्या द्रव्याचा अंदाजच चुकला असेल, असा दुसरा पर्याय त्यांनी मोकळा ठेवला होता. पण पुढील मोजमापांनी तो अंदाज खरा ठरविला.

दुसरी परीक्षा समूह मोजून झाली. मोजावयाचे तर आधी यादी हवी. जॉर्ज एबेल यांनी अमेरिकेतील पालोमार वेधशाळेत घेतलेल्या आकाशाच्या काचपट्ट्या भिंगाखाली तपासून १९५८ साली २७१२ समूहांची यादी प्रसिद्ध केली होती. एका माणसाने डोळ्यांनी केलेली ही मोजणी. आजचे संशोधकही एबेलच्याच क्रमांकांनी त्या समूहांचा उल्लेख करतात.

ह्या मोजणीतून काय कळते? पंढरीच्या वारीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. खेडोपाडीच्या लहान दिंड्या निघतात, वाटेत एकमेकींना मिळतात, आणि पंढरपूर जवळ येईतो मोठा समुदाय होतो. विश्वातही लहान समूह मिळून मोठे होतात. पण येथे एक विलक्षण गोष्ट आहे: दिंड्या चालत असताना रस्ताच लांबत जातो, कारण विश्व प्रसरण पावते. विश्व जड असेल तर ओढ मोठी. दिंड्या आजही भराभर एकत्र होत असणार, आणि म्हणून पूर्वीच्या काळी मोठे समुदाय जवळजवळ नसणार. विश्व हलके असेल, तर रस्ता फार लांबल्यामुळे एकत्र येणे केव्हाच मंदावलेले असणार. जे मोठे समुदाय व्हावयाचे, ते पूर्वीच होऊन गेलेले असणार. दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. तेव्हा फार दूरचे मोठे समूह मोजावे, म्हणजे निकाल लागतो. १९९८ साली नेटा बाकॉल आणि शियाओहुई फॅन यांनी हे केले. विश्वाचे वय आजच्या निम्मे होते, त्या काळातला एक अतिशय जड समूह त्यांच्या यादीत होता. जड विश्वाच्या प्रतिमानात असा एकही समूह भेटण्याची आशा नव्हती. ह्या परीक्षेचे उत्तरही हलक्या विश्वाच्या बाजूने आले. त्याच वर्षी दूरच्या स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून दुसऱ्या शास्त्रज्ञांना आढळले की, विश्वाचे प्रसरण मंदावत तर नाहीच, उलट त्याचा वेग वाढत आहे. क्रांतिक घनतेचे उरलेले दोन-तृतीयांश काय आहे, याचे उत्तर ‘कृष्णऊर्जा’ या नावाने देतात. नाव मिळाले आहे. तिचे स्वरूप काय, ते अजून शोधावयाचे आहे.

आता सारे सुरळीत झाले असे समजू नका. राशिद सुन्याएव आणि याकोव झेल्दोविच या दोन रशियन शास्त्रज्ञांनी समूह शोधण्याची आणखी एक रीत दाखविली होती. विश्वाच्या बाल्यावस्थेतील मंद प्रकाश आजही सर्व दिशांनी सूक्ष्मतरंगांच्या रूपाने येत असतो. तो समूहातील तप्त वायूतून जाताना किंचित बदलतो आणि त्या पार्श्वभूमीवर समूहाची जणू छाया उमटते. प्लँक नावाच्या युरोपीय उपग्रहाने अशा छायांवरून समूह मोजले. २०१३ साली त्यांतील १८९ समूहांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा एक अडचण निघाली. त्याच उपग्रहाने त्या जुन्या प्रकाशावरून विश्वाचे जे प्रतिमान काढले होते, त्यानुसार समूह कितीतरी अधिक असावयास हवे होते. आता चूक कोणाची, विश्वाच्या प्रतिमानाची की आपल्या तराजूची? समूह वायूवरून तोललेले होते. दोन समूह नुकतेच आदळले असतील तर त्यांतील वायू ढवळलेला असतो, आणि हलत्या तराजूत वजन बरोबर येत नाही. समूहांचे वजन आपण मोजतो त्याहून बरेच अधिक धरले, तर हिशेब जुळतो. पण हिशेब जुळावा म्हणून वजन वाढविणे हे वाण्याला शोभत नाही, मग शास्त्रज्ञाला कसे शोभावे? वेगळा तराजू आणणे, हाच प्रामाणिक उपाय.

तसा प्रयत्न झाला. १३ जुलै २०१९ रोजी ‘ईरोसिटा’ ही जर्मन क्ष-किरण दुर्बीण एका रशियन यानावरून अवकाशात गेली. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर तिचे काम थांबविण्यात आले. परंतु त्यापूर्वी तिने केलेल्या पहिल्या पाहणीतील अर्ध्या आकाशाची माहिती २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. तीत १२,२४७ समूह होते. त्यांतील ५,२५९ निवडून विश्वाच्या हिशेबासाठी घेतले, आणि त्यांचे वजन प्रकाशाच्या वाकण्यावरून ठरविले. ह्या तराजूचा गुण असा की, वायू ढवळलेला आहे की शांत, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. द्रव्य क्रांतिक घनतेच्या शंभरात सुमारे २९ भाग निघाले. जुन्या प्रकाशाच्या हिशेबाशीही मेळ बसला. कोमाच्या एका शितावरून १९९३ साली काढलेले उत्तर आठवून पाहा. मात्र दीर्घिकांवर आधारलेल्या इतर काही पाहण्यांनी थोडे वेगळे आकडे दिले आहेत, त्यामुळे अभ्यासकांत वाद राहिलेला आहे.

तराजू हलता आहे की स्थिर, हे ओळखण्याच्या कामी आपल्या पुणे जिल्ह्यातील एका यंत्राचाही हातभार लागतो. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड तबकड्या रानात पसरलेल्या आहेत. ही रेडिओ दुर्बीण. समूह एकमेकांवर आदळले म्हणजे त्यांच्यातून मंद रेडिओ लहरी निघतात; कोमा समूहातील अशा लहरी १९५९ सालीच इंग्लंडमध्ये ओळखल्या गेल्या होत्या. खोडदच्या दुर्बिणीने कितीतरी समूहांची अशी तपासणी करून, कोठे टक्कर झाली आहे आणि कोठे नाही, हे पाहण्यास साहाय्य केले.

पुण्याच्याच दोन संस्थांतील संशोधकांनी, जयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०१७ साली सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, मीन राशीच्या दिशेला, समूहांचाही एक समूह शोधून काढला. त्यात सुमारे ४३ दीर्घिका-समूह असून त्याचे वस्तुमान दोन कोटी अब्ज सूर्यांइतके भरते. त्यांनी त्याला ‘सरस्वती’ असे नाव दिले. विश्व इतके तरुण असताना एवढी मोठी रचना कशी तयार झाली, हा प्रश्न त्या सर्व प्रतिमानांपुढे त्यांनी ठेवला आहे. १ जुलै २०२३ रोजी ‘युक्लिड’ ही युरोपीय दुर्बीण अवकाशात गेली आहे. आकाशाच्या एकतृतीयांश भागातील दीर्घिकांची चित्रे घेऊन आणखी हजारो समूह तोलावयाचे, असे तिचे काम ठरले आहे.